थोरल्यांचा दुसरा कोट

थोरले गेले त्याला दीड वर्ष होत आलं, पण ते नेमके कोण होते यावर शहराचं अजून एकमत नाही. मोठ्या पुलाला त्यांचं नाव दिलं, तर सकाळी पाटीला डांबर फासलेलं असतं आणि दुपारी पक्षाची माणसं ते रॉकेलनं पुसतात. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की रॉकेलचा डबा पाटीखालीच ठेवलेला असतो. निम्म्या शहराला ते बापासारखे वाटत. उरलेल्या निम्म्यांना 'बाहेरचे' म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे त्या लोकांना काय वाटत असेल ते मी सांगायला नको.

मला विचाराल तर ते बेचाळीस छातीचे आणि डावा खांदा अर्धा इंच उतरता असलेले गृहस्थ होते. त्यांचे कोट आमचे मास्तर शिवायचे आणि काजं मी करायचे. सव्वीस वर्षं केली. मास्तरांचा त्यांच्यावर फार जीव. एकदा भर सभेत थोरल्यांनी स्वतःच्या कोटाची बाही धरून 'हा माझ्या मास्तरचा हात' असं म्हटलं होतं, ते वाक्य मास्तरांनी पुढे इतक्या वेळा ऐकवलं की दुकानात येणारी गिऱ्हाईकं माप देतानाच मान डोलवायला लागत.

थोरल्यांचा कोट आमच्याकडे नेहमी जोडीनं शिवला जाई. एकाच ताग्यातले, एकाच मापाचे दोन. ही गोष्ट बाहेर कोणाला ठाऊक नव्हती. थोरले दोन-दोन तास गरजत, पण त्यांना घाम आलेला कोणी पाहिला नव्हता आणि पक्षातले लोक ते त्यांच्या तेजाचं लक्षण आहे असं सांगत. खरा प्रकार असा की भाषण मध्यावर आलं की ते पाणी प्यायला म्हणून पडद्यामागे जात आणि कोट बदलून येत. कोणता कोट धुवायचा ते कळावं म्हणून मास्तर एकाच्या आतल्या खिशात निळ्या दोऱ्याचा एक टाका घालत आणि दुसऱ्याच्या खिशात दोन. तेजाचा हिशेब एवढाच होता.

आता घड्याळजीबद्दल सांगते. आमच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. तो 'बाहेरचा'. बारा वर्षांपूर्वी ती गल्ली पाडायचं ठरलं तेव्हा सगळ्या गल्लीचा अर्ज घेऊन तो थोरल्यांच्या सभेत गेला आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लागला. त्याला तिथंच धरून आडवा पाडला. खिशात घड्याळाचं झाकण उघडायची पातळ पात सापडली. ती त्याच्या खिशात नेहमीच असे, आमच्या दुकानातलं घड्याळ तो त्याच पातीनं उघडायचा. पण दुसऱ्या दिवशी शहरभर झालं की थोरल्यांवर सुरीहल्ला झाला आणि ते थोडक्यात वाचले.

चार दिवसांनी वर्तमानपत्रात कोटाचा फोटो आला. राखाडी कोट टेबलावर पसरलेला, छातीच्या डाव्या बाजूला वीतभर चीर, भोवती डाग. त्या कोटावर थोरल्यांनी निवडणूक जिंकली आणि घड्याळजी अकरा वर्षं आत गेला.

त्या फोटोत मी मात्र चीर पाहिलीच नाही. मी पाहिला तो पक्षाचा बिल्ला. थोरले बिल्ला खिशावर लावत, आणि फोटोत तो कॉलरवर होता, नेमका काजाच्या जागी. कॉलरवरच्या काजात कोणी काही अडकवत नाही, ते शोभेचं असतं, पण ते केलेलं नसलं की कोट उघडा दिसतो. त्या आठवड्यात माझ्या बोटाला नखुरडं झालं होतं. पहिल्या कोटाचं काज झालं होतं, दुसऱ्याचं अर्ध्यावर राहिलं होतं. सभेच्या दिवशी दुसरा कोट आमच्या दुकानात खुंटीवर होता. सभेनंतर दोन दिवसांनी थोरल्यांचा सचिव आला आणि आहे तसा द्या म्हणून तो घेऊन गेला. मास्तर त्याच्या मागे पायऱ्यांपर्यंत गेले, काज राहिलंय, उद्या देतो म्हणत. त्यानं ऐकलं नाही.

फोटो आला त्या दिवशी मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि इस्त्रीखाली ठेवली. मीही काही बोलले नाही. संध्याकाळी जेवताना ते एवढंच म्हणाले की आपण शिवतो, लोक घालतात, पुढचं आपलं नाही. मला त्यांची चीड आली. ती मी बारा वर्षं नीट सांभाळली. घरात भाजी खारट झाली तरी मला आतून वाटायचं की या माणसाच्या पोटात एवढी मोठी गोष्ट आहे आणि हा मिठाबद्दल बोलतोय. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगायचे. मला कोणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी घड्याळजी सुटला. त्याच्या जुन्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. तो त्याच पायऱ्यांवर येऊन बसतो. हात कापतात, त्यामुळे काम होत नाही. त्याला आता एकच गोष्ट हवी आहे, की आपण कोणावर सुरी उगारली नव्हती असं मरायच्या आधी कुठल्यातरी सरकारी कागदावर लिहिलेलं बघावं. त्याच्या वकिलानं पुन्हा खटला उघडायचा अर्ज केला होता. कोर्टानं सांगितलं, महिनाअखेरपर्यंत नवा पुरावा आणा, नाहीतर अर्ज निकाली. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मलाही होतं.

त्याच महिन्यात आम्हाला थोरल्यांच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. बंगल्याचं संग्रहालय होणार होतं. सरकार बदललेलं, त्यामुळे समितीत दोन्ही बाजू घेतलेल्या. इकडून थोरल्यांचा पुतण्या, तिकडून इतिहासाच्या एक प्राध्यापिका. दोघांचं कशावरच जमेना म्हणून असं ठरलं होतं की प्रत्येक वस्तूखाली दोन पाट्या लावायच्या. थोरल्यांच्या खुर्चीखाली एका पाटीवर लिहिलं होतं, 'या खुर्चीत बसून त्यांनी गोरगरिबांची गाऱ्हाणी ऐकली', आणि दुसरीवर, 'या खुर्चीत बसून त्यांनी चार वस्त्या पाडण्याचे आदेश दिले'. खुर्ची तीच. वेताची वीण सुटायला आली होती, तिच्याकडे मात्र दोघांपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

कोटाला कसर लागली होती. काचेच्या पेटीत बंद करण्याआधी तो साफ करून पुतळ्यावर नीट बसवून द्यायचा, असं काम होतं. मास्तर नवा सदरा घालून निघाले. मी माझी सुई-दोऱ्याची पिशवी घेतली.

जेवणघरातल्या लांब टेबलावर पांढऱ्या कापडावर कोट ठेवला होता. मास्तरांनी आधी हात धुतले, मग मऊ ब्रशनं कसर झाडायला घेतली. चिरेच्या आसपास त्यांनी ब्रश फिरवला नाही. ब्रश नीट फिरावा म्हणून प्राध्यापिकांनी बिल्ला काढला, आणि त्याखालून माझं काज निघालं. अर्ध्या बाजूला दाट टाके, अर्धी बाजू नुसती कापलेली, दोऱ्याचं टोक लोंबतंय.

पुतण्या म्हणाला, काकू, तुम्ही आलाच आहात तर एवढं पूर्ण करून टाका, पेटीत बरं दिसणार नाही. प्राध्यापिका म्हणाल्या की वस्तू आहे तशीच ठेवायची, हात लावायचा नाही. पुतण्या म्हणाला, कोट आमच्या घरचा आहे. दोघांचं जुंपलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, आणि ते काय ठरवतात याची वाट बघत होते.

शेवटी पुतण्याला तोडगा सुचला. काज राहू दे तसंच, पण पाटीवर त्याचा उल्लेख करू, असं म्हणत त्यानं मजकूर सांगितला. 'शिंप्यानं हलगर्जीपणानं अर्धवट दिलेला कोटही त्यांनी तक्रार न करता घातला, इतके ते साधे होते.' प्राध्यापिकांनी विचार केला. साधेपणाचा भाग वगळला तर बाकीचं आपल्यालाही मान्य आहे, असं त्या म्हणाल्या आणि लिहून घ्यायला लागल्या. संग्रहालयाच्या इतिहासात दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एका वाक्यावर जमत होतं.

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. प्राध्यापिकांनी वाचलं.

"हलगर्जीपणा?" मास्तर म्हणाले. "माझ्या दुकानातून अर्ध्या काजाचा कोट अंगावर घालायला आजवर गेलेला नाही. हा थोरल्यांनी घातलाच नव्हता."

पुतण्या हसला. फोटो आहे, कोर्टाचा निकाल आहे, मास्तर, वय झालं तुमचं, असं काहीतरी म्हणाला. त्यानं मास्तरांच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. त्यांनी कोट उघडला, आतला खिसा उलटा केला आणि बोटानं दाखवला.

"दोन टाके. हा दुसरा. सभेत घातला तो पहिला, त्याचं काज पुरं होतं. सभा चालू होती तेव्हा हा माझ्या खुंटीवर होता. हिला विचारा, हिच्या बोटाला नखुरडं झालं होतं."

सगळे माझ्याकडे वळले. मी हो म्हणाले.

प्राध्यापिकांचं पेन थांबलं होतं. त्यांनी सावकाश विचारलं, म्हणजे ही चीर नंतर पाडली? तेव्हा कुठे मास्तरांना कळलं की आपण काय बोलून बसलो. एका माणसाची अकरा वर्षं ज्या तोंडातून शब्द काढू शकली नव्हती, ते तोंड एका काजासाठी उघडलं होतं. मला हसू आलं. पण बोललेलं परत घेणं मास्तरांना जमलं नसतं, कारण घेतलं असतं तर हलगर्जीपणा खरा ठरला असता. प्राध्यापिकांनी हे सगळं लिहून घेतलं आणि मास्तरांनी तिथंच टेबलाशी बसून त्या कागदावर सही केली. मीही केली. पुतण्या फोन करायला बाहेर गेला तो परत आला नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी थोरल्यांसोबतचा स्वतःचा फोटो भिंतीवरून काढला, पुसला आणि पुन्हा तिथंच लावला. यात मी पडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळजीकडे गेले. खरं सांगायचं तर ताठ मानेनं गेले. वकिलाकडून त्याला बातमी कळलीच होती, पण सगळं माझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटत होतं. तो पायरीवर सरकला आणि त्यानं मला जागा करून दिली. मी सगळं सांगितलं. खुर्ची, दोन पाट्या, कसर, बिल्ला, पुतण्या, मास्तर कसे तडकले ते. हलगर्जीपणावर तो थोडा हसलादेखील. हाताची थरथर थांबावी म्हणून त्यानं दोन्ही हात गुडघ्यांत धरले होते.

मग त्यानं विचारलं, "वहिनी, तुम्हाला कधी कळलं होतं?"

"फोटो आला त्या दिवशी."

त्यानं मान हलवली. समोरून शाळेला निघालेल्या मुलींचा घोळका गेला. बारा वर्षांत मला हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच माणूस, आणि मी कायम मनाशी घोकलेलं उत्तर त्यावर बसत नव्हतं. मला कोणी विचारलं नव्हतं, हे त्याला तोंडावर कसं सांगणार?

"मास्तर बोलले नसते," तो म्हणाला, "तर तुम्ही बोलला असतात?"

थाप मारता आली असती. मी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"पुतण्यानं काज पुरं करायला सांगितलं ना," मी म्हणाले, "तेव्हा त्या दोघांचं भांडण चालू असतानाच मी सुई ओवून ठेवली होती."

त्याचंही सगळं आयुष्य बारीक कामात गेलेलं. अशा माणसाच्या डोक्यात जो प्रश्न यायचा तोच आला.

"त्या काजाचा राखाडी रेशमी दोरा," तो म्हणाला. "तो तिथंच होता का?"

"नाही," मी म्हणाले. "घरून नेला होता."