आडाबाईंची दोन बोटं

मी रंग खरवडायची सुरी बोलतेय. पाव कापायला माझा उपयोग नाही, धार नाही मला. पण राग आहे, आणि तो आज मी ऐकवणारच.

शेफिल्डच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि लँकेशायरातल्या एका कापडगिरण्यांच्या गावात मॉड हेस्केथबाईंनी मला विकत घेतलं. त्या माणसांची चित्रं काढायच्या आणि संध्याकाळी नगरपालिकेच्या कलाशाळेत शिकवायच्या. एखाद्यानं समोरच्याचं वाकडं नाक सरळ रंगवलं, की बाई मला त्याच्या हातात द्यायच्या. "खरवड ते. दिसतं ते काढ, आवडतं ते नको."

मग आडा ग्रिमशॉ महापौर झाल्या. उभी हयात गिरणीत गेलेली बाई, उजव्या हाताची दोन बोटं यंत्रमागानं खाल्लेली. सभागृहात लावायला त्यांचं चित्र काढायचं काम आमच्या बाईंकडे आलं, आणि पाठोपाठ आले नगरपालिकेचे हॅरॉपसाहेब.

"बाई, हात तेवढा पुरा काढा. भिंतीवर शोभायला नको का? नाहीतर तुमचा वर्ग पुढे चालू ठेवणं माझ्या हातात नाही बरं."

हातात नाही म्हणे! मेल्याची स्वतःची पाचही बोटं शाबूत होती.

बाई घाबरल्या. त्या वर्गात त्यांचा जीव होता. माझ्याच पात्यानं त्यांनी कातडीचा रंग कालवला, स्वतःचा हात समोर धरला आणि दोन बोटं जोडली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण सुरीला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी आडाबाई चित्र बघायला आल्या. चहा गार होईपर्यंत बघत राहिल्या.

"मॉड, ही बोटं तुझी दिसतात गं. माझी कुठं गेली ते अख्ख्या गिरणीला ठाऊक आहे. ती लपवून भिंतीवर चढायचं असेल, तर मला नाही चढायचं."

हेस्केथबाईंनी मला उचललं. रंग अजून ओलाच होता. दोन फटक्यांत दोन्ही बोटं निघाली.

नगरपालिकेनं चित्र नाकारलं आणि वर्गही बंद केला. चित्र आडाबाईंनी आपल्या स्वयंपाकघरात लावलं. पुढे आमच्या बाई वारल्या. आता शाळेचा शिपाई माझ्यानं डब्यांची झाकणं उचकटतो. वाकले, गंजले, त्याचं मला काही नाही.

पण सभागृहात दुसऱ्याच कुणीतरी रंगवलेल्या आडाबाई लटकताहेत, दहा बोटांच्या. मला तेवढं तिथवर न्या. रंग वाळला असेल, असू दे.