नावाचे चार तुकडे

मामांना जेवणाच्या टेबलावरून उठवलं, तर गल्ल्यावरच्या मावशींचा फायदा बराच होता. खिडकीलगतची खुर्ची मिळणार होती. डब्यातली भाजी सगळीच्या सगळी स्वतःच्या पोटात जाणार होती. आणि ‘मीठ आज हात आखडून टाकलंय’ हे वाक्य कायमचं बंद होणार होतं. तोट्याच्या बाजूला मावशींना काहीच दिसत नव्हतं, आणि त्यांची नजर काही साधी नाही; खोटी नोट त्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरूनच ओळखतात.

दुकान कपबश्यांचं. पुढे गल्ला, मध्ये जेवणाची खोली आणि प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे पॅकिंग. पॅकिंग म्हणजे मामा. कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नाही. शेठही त्यांना मामाच म्हणतात.

जेवायला पाच जण: हे दोघं, गोदाम सांभाळणारे भाऊ, टेम्पोचा ड्रायव्हर आणि बिलं करणारी मुलगी. ती इंग्रजीच्या परीक्षेला बसली होती. रोज एक क्रियापद पाठ करायची आणि जेवताना प्रत्येकाकडून त्याचं वाक्य वदवून घ्यायची. म्हणून मामांनी तिला मास्तरीण करून टाकलं होतं.

मामांची खोड एकच. स्वतःचा डबा उघडण्याआधी त्यांचा चमचा सगळ्यांच्या डब्यांतून फिरून यायचा आणि पाठोपाठ निकाल लागायचा. “भाऊ, वहिनी रागावल्यात का? तिखट बोलतंय.” स्वतःच्या डब्यात मात्र उकडलेले बटाटे. मामी गेल्यापासून तेवढंच. रात्री ते ओट्याशी उभ्या उभ्याच जेवतात, हे ड्रायव्हरनं एकदा त्यांच्या घरी पाहिलं होतं. माणसांत बसून जेवायचं ते दिवसातून एवढं एकदाच.

त्या शुक्रवारी मामा एका मोठ्या ऑर्डरच्या खोक्यांत अडकले होते आणि मास्तरणीचा शब्द निघाला ‘ऑस्ट्रसाइज’.

“म्हणजे एखाद्याला आपल्यातून बाहेर काढणं. वाळीत टाकणं.”

“हाकलणं म्हण की सरळ,” भाऊ म्हणाले.

“नाही हो. हाकललेला माणूस निघून जातो, सुटतो. हा इथंच असतो, पण आपण त्याला आपल्यात धरत नाही. आणि हे एकट्याला जमत नाही. एकट्यानं फक्त रुसता येतं. ऑस्ट्रसाइज करायला मंडळी लागतात.” मग तिनं शब्दाचं मूळही सांगितलं. फार पूर्वी ग्रीक लोक मडक्याच्या खापरीवर नाव कोरून मत द्यायचे. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, त्यानं दहा वर्षं शहराबाहेर राहायचं.

“खापऱ्या तर आपल्याकडे टोपलीभर आहेत,” मावशी म्हणाल्या आणि आवाज खाली आणला. मावशी कुजबुजल्या की रस्त्यावरचा माणूस थांबून बघतो, ही गोष्ट वेगळी. “सोमवारपासून मामांचा डबा तिकडे, पॅकिंगच्या टेबलावर. ऐसपैस बसतील बिचारे.”

“मावशी, गंमत ना ही?” ड्रायव्हरनं विचारलं.

“गंमतच रे. लिही.”

फुटक्या मालाच्या टोपलीतून चार तुकडे आले. मार्कर फिरला. गंमत म्हणून मास्तरणीनं लिहिलं, मावशींना कोण नाही म्हणणार म्हणून भाऊंनी, आणि सगळ्यांनी लिहिलं म्हणून ड्रायव्हरनं. चारही तुकड्यांवर ‘मामा’. मावशी ते पदराखाली ढकलणार, तोच मामा डबा घेऊन दारात.

आता इथला एक रिवाज सांगायला हवा. ज्या कपाचा टवका उडाला तो विकायचा नाही. शेठ तो कामावरच्या कोणाला तरी देतात. ज्याला मिळाला तो तळाला नाव लिहितो आणि कप चहाच्या फळीवर जातो. मामांना असे कप कितीदा मिळाले, पण दर वेळी कोणीतरी नवं कामाला लागलेलं असायचं. मास्तरणीचा कप मूळचा मामांचा. ड्रायव्हरचाही. मामा अजून स्टीलच्या पेल्यात चहा पितात.

त्यांनी एक तुकडा उचलला. वाचला. दुसरा उचलला.

“अरे,” मामा म्हणाले, “माझ्या नावाचा कप! आणि द्यायच्या आधीच फोडलात?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कोणी फोडला?”

“मी... हातातून निसटला,” ड्रायव्हर म्हणाला.

“तरी म्हटलं, ब्रेक उशिरा लागतात तुला.” मामा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि तुकडे तळहातावर मांडू लागले. एक पांढरा, एक निळ्या काठाचा, एक बशीचा, आणि एक तर किटलीच्या पोटाचा. मालाचा एवढासा टवका बघून सेटचा नंबर सांगणाऱ्या मामांनी ते चारही नीट निरखले आणि म्हणाले, “एकाच कपाचे आहेत. जुळतील.”

मास्तरणीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. भाऊ उगाच पाणी प्यायले. आणि मावशींनी, ज्यांनी उभ्या जन्मात कोणाला आग्रह केला नव्हता, आपला डबा पुढे सरकवला. “राहू द्या ते जुळवणं. नवा आणू. आधी सांगा, मीठ?”

मामांनी चमचा घातला. “आज बरोबर आहे. जरा जास्तच.”

सोमवारी फळीवर नवा कोरा कप आला, टवका न उडालेला, तळाला नाव. मामांनी तो सगळीकडून फिरवून पाहिला, वाजवून पाहिला.

“मास्तरीणबाई, शुक्रवारचं माझं वाक्य राहिलंय.”

“कुठल्या शब्दाचं?” तिनं किटली उचलत विचारलं.

“त्याच. पार्टिशन पातळ आहे, आणि मावशींचा गळा मोठा.” मामांनी घसा साफ केला. “मंडळी एका म्हाताऱ्याला ऑस्ट्रसाइज करणार होती, पण तेवढ्यात जेवायची वेळ झाली. बरोबर?”

“बरोबर,” ती म्हणाली. रडता रडता हसली. “पूर्ण गुण.”

“मग चहा ओता.”

तर एकूण हिशेब असा. खिडकीजवळची खुर्ची मामांकडेच राहिली. ड्रायव्हरच्या नावावर न फोडलेला कप लागला, तो लागलाच. भाजी मावशींना आता डबाभर जास्त आणावी लागते, कारण मामांचे बटाटे बंद करण्याचा हुकूम त्यांनीच काढला. आणि नव्या कपाचे पैसे? ते मावशींनी भरले, स्वतःच्याच गल्ल्यात, पूर्ण. न फुटलेल्या मालावर सूट मिळत नाही.