निळीचं पाणी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी ताटली आहे. पण वाढायची नव्हे, बुडायची.

मी भिलाईची म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "म्हणजे प्लांटच्या पोलादाची!" असल्या अर्धवट माहितीचा मला तिटकारा आहे. प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ होतात, ताटल्या नाहीत. मला प्लांटच्या भट्टीवर काम करणाऱ्या चिंधूबाबांनी दुर्गच्या भांड्यांच्या दुकानातून आणलं आणि पाठीवर टिंबाटिंबांनी आपलं नाव कोरून घेतलं. प्लांटमध्ये नेण्याच्या त्यांच्या डब्यात सगळ्यात वर माझी जागा होती. भट्टीच्या धगीतून आलेला तो माणूस माझ्यात भात कालवून निवांत जेवायचा. ते दिवस मानाचे होते.

चिंधूबाबा रिटायर झाले. त्यांच्या मुलीने, दामिनीने, रुआबांध्याच्या घरातून स्विमिंग पूल साफ करण्याचा धंदा सुरू केला आणि मला सोबत घेतलं. भिलाईत हा धंदा उन्हाळ्याचा. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत पूल माणसांना हवा असतो, पावसाळ्यात बेडकांना, आणि हिवाळ्यात कुणालाच नको. तेव्हा दामिनी लोकांच्या पाण्याच्या टाक्या धुते आणि मी घरी दह्यावर झाकण होऊन बसते.

उन्हाळ्यात मात्र माझ्याशिवाय पान हलत नाही. पूल उघडण्याआधी दामिनी मला खोल टोकाला टाकते. मी डुलत डुलत तळाशी जाते. काठावरून मी लख्ख दिसले, तरच पोहायचं. कारण जिथं ताटली दिसत नाही, तिथं बुडालेलं लेकरूही दिसत नाही.

इतकी साधी गोष्ट! पण पूलमालकांच्या डोक्यात ती शिरेल तर शपथ. हिवाळाभर पुलाकडे ढुंकून बघायचं नाही, त्यात पानं कुजू द्यायची, आणि ऊन तापलं की फोन करायचा, "दामिनीबाई, उद्या पाहुणे आहेत."

या जमातीचा मेरुमणी म्हणजे भैय्याजी. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं रिसॉर्ट आहे. दामिनीच्या हंगामातलं सगळ्यात मोठं काम तेच. ते गेलं, तर तिचा उन्हाळा कोरडाच. एका वर्षी त्यांच्या नातीचा, मृणालचा, वाढदिवस रविवारी होता. तिचे सगळे शाळासोबती पोहायला येणार होते. पाणी शेवाळाने हिरवंगार. दामिनीने औषध टाकलं, पंप लावला आणि बजावलं, "पाणी निवळल्याबिगर पोरं उतरवू नका."

रविवारी सकाळी आम्ही गेलो, तर पूल निळाशार! क्षणभर दामिनीही चकली. मग तिला काठावरच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या. पांढऱ्या कपड्यांना देतात ना, ती नीळ! बाटल्यांवर बाटल्या पाण्यात ओतल्या होत्या.

"हे काय करून ठेवलं, भैय्याजी?"

"अवो, रंगच तर पाहिजे होता ना! हा फोटो पाहा. एकदम गोवा दिसून राहिला."

दामिनीने मला पिशवीतून काढलं आणि खोल टोकाला टाकलं. मी तळाशी टेकले. वर पाहिलं, तर ना सूर्य, ना दामिनी. नुसता गढूळ निळा अंधार.

"दिसली काय?" तिने विचारलं.

"दिसते ना... थोडी थोडी."

"कुठं? बोट दाखवा."

"ते काय तिथं!"

"ते पान होय, भैय्याजी."

भैय्याजी भडकले. "रायपूरचे पूलवाले रोज फोन करून राहिले मले. नातीचा बड्डे का आता तुमच्या ताटलीले विचारून करू?"

"करा ना. फक्त पोरं उतरवायच्या आधी माझी ताटली कुठं आहे ते दाखवा. नाही सापडली तर राहू द्या खालीच. माझ्या बाबाचं नाव आहे तिच्यावर. पण ताटलीच आहे ती, कोणाचं लेकरू नोहे."

तिची स्कूटर निघून गेली. हंगामाचं काम गेलं, हे तिलाही कळलं होतं, मलाही.

दुपारी वर गाणी वाजू लागली. पोरांची पावलं थडथडत काठाशी आली. सकाळचं भांडण ऐकलेल्या मृणालचा आवाज आला, "आजोबा, त्या काकूंची ताटली कुठे पडली?"

"असंल तिथंच."

"मग मला का दिसत नाही?"

भैय्याजींनी लांब दांड्याची जाळी आत घातली. ती माझ्या अंगावरून गेली, परत आली, बाजूने घासत गेली. मी हललेही नाही. बऱ्याच वेळाने जाळी वर गेली. मग काहीतरी फरशीवर खरवडत नेल्याचा आवाज आला. खुर्ची होती. ती पुलाच्या फाटकाशी थांबली.

"आजोबा, पोहायचं?"

"बंद आहे पूल."

"कावून?"

"ताटली हरवली म्हणून."

मला नंतर कळलं, केक कापला गेला तरी तो माणूस उन्हात फाटक अडवून बसला होता. संध्याकाळी त्यानेच दामिनीला फोन केला. ती आली, औषधं टाकत राहिली. पुढे एका सकाळी माझ्यावर ऊन पडलं आणि काठावर मला दामिनीचा आणि भैय्याजींचा चेहरा दिसला.

"ती पाहा! ती पाहा!" भैय्याजी ओरडले. जणू त्यांनीच पाणी निवळवलं होतं!

त्यांना मी माफ केलंय असं समजू नका, मित्रांनो. नातीने विचारलं नसतं, तर त्यांनी त्या निळीत तिलाच उतरवलं असतं. तुम्ही मात्र मृणालसारखे व्हा. पाणी कितीही सुंदर दिसो, बोलावणारा कितीही मोठा असो; काठावर उभं राहा आणि म्हणा, "आधी ताटली दाखवा."