वास कुठला

भिलाईत पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा मैनाबाईच्या कोंबड्यांच्या अंड्यांना वास यायला लागला. अंडं फोडलं की नाकाला पदर लावावा लागे. चौकशी करत बसणं मैनाबाईच्या स्वभावातच नव्हतं. कुंपणापलीकडची तेलुगू शेजारीण अप्पलम्मा कोंबड्यांना मायेनं मच्छीच्या मुंड्या टाकायची. मैनाबाईनं तिलाच धरलं.

"तुया सडक्या मच्छीनं माह्या कोंबड्या नासल्या!"

कामगारांच्या घरांच्या अख्ख्या लायनीनं ऐकलं. अप्पलम्मानं मुंड्या टाकणं बंद केलं. वास मात्र गेला नाही.

एका संध्याकाळी नवऱ्यानं, टिकारामनं, कारखान्यातून नेहमीसारखा मशीन पुसलेल्या सुताचा गुंता आणला. लायनीत भाताची तणस कुठली मिळायला, म्हणून मैनाबाई खुराड्यात तेच मऊ सूत अंथरायची. आज तिनं ते नाकाशी नेलं. रॉकेल! अंड्याच्या टरफलातून आत मुरलेला वास हाच.

तिनं खुराडं धुतलं, वाळला पाला अंथरला. हळूहळू अंडी सुधारली. तेव्हा दोन ताजी अंडी ओच्यात घेऊन ती कुंपणाशी गेली.

"घे ना बाई. चूक माहीच होती."

अप्पलम्मानं हात पदराआड घेतले.

"रहने दो बाई," ती म्हणाली, "मेरे हाथ में मछली की बास है."