चादरीचा तंबू

ठकू झोपली की त्या घरात मुंगीनेही चपला काढून चालायचं, असा अलिखित कायदा होता. पोर चार वर्षांची, पण झोपेशी तिचं जन्मोजन्मीचं वैर. तिला झोपवताना गाऊन गाऊन आईचा घसा बसायचा, येरझाऱ्या घालून बाबांचे पाय भरून यायचे, आणि एवढं करून डोळा लागलाच तर दाराची बेल बंद, फोन बंद, शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. तुमच्याकडे कुणी आजारी आहे का, असं शेजारच्या काकूंनी एकदा फार काळजीने विचारलं होतं.

म्हणून त्या दुपारी, भर तलावात, इंजिन घरघरत असताना ठकू आपण होऊन आत्याच्या मांडीवर कलंडली, तेव्हा अख्ख्या बोटीने हुश्श केलं.

बोट बाबांच्या मित्राची. तो कामासाठी लांब जाताना किल्ली देऊन गेला होता, आणि देताना तिचे एवढे नखरे समजावून गेला होता की आत्या म्हणाली, मुलगी सासरी पाठवतानासुद्धा कुणी एवढं सांगत नाही. त्या बोटीचं काम पळणं नव्हे, लाट काढणं. बटण दाबलं की तलावाचंच पाणी तिच्या पोटातल्या टाक्यांत भरतं, ती बूड टेकून जड बसते, आणि मग सायकलच्या वेगाने निघाली की मागे एका अंगाला कमरेएवढी लाट उठते. दोरी धरून फळीवर उभं राहायचं, तोल सापडला की दोरी सोडून द्यायची. पुढे ती लाटच माणसाला ढकलत नेते. लाट ज्या बाजूला हवी त्या बाजूला वजन जास्त लागतं, म्हणून आत्याची जागा ठरलेली होती: मागे, डावा कोपरा. "माझ्या वजनाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता," असं म्हणत ती दर वेळी राणीसारखी स्थानापन्न व्हायची.

स्टीअरिंगवर भिंगरी. ही ठकूची थोरली बहीण, दहावीतली. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. एका जागी ठरत नाही म्हणून घरात भिंगरी. पण बोट हातात आली की तिच्या अंगातलं सगळं वारं कुठल्या कुठे जायचं. बाबा चालवायचे तेव्हा लाट कधी फुगायची, कधी बसायची. भिंगरीच्या हाताखाली ती पट्टीने आखल्यासारखी एकसारखी यायची. या सुट्टीत तिला पहिल्यांदाच कळलं होतं की एक गोष्ट आपल्याला घरात सगळ्यांपेक्षा चांगली येते, आणि तेव्हापासून तिची मान जराशी ताठच असायची.

ठकू झोपली तशी आई कुजबुजली, वारा लागतोय तिला, उठेल. झालं, फर्मान सुटलं. वारा म्हणजे तसा पडलेलाच होता. बोट पुढे सरकताना समोरून जी काय झुळूक यायची तेवढीच. पण ठकूच्या झोपेपुढे झुळूकसुद्धा गुन्हेगार. आईने मोठी चादर काढली, तिचे दोन कोपरे वरच्या कमानीला बांधले, दोन सीटच्या फटीत खोचले. समोरची झुळूक बंद, ऊन बंद. तंबूचं तोंड फक्त मागे, लाटेकडे उघडं. आत आत्या आणि ठकू. आई पुढे येऊन भिंगरीशेजारी बसली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

इंजिनाचा धूर मागच्या पायरीखालून बाहेर पडतो, हे त्या बोटीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोट संथ असली की तो तिथेच घुटमळतो, हेही मित्राने सांगितलेलं होतं. पण चादर बांधताना कुणाच्याच डोक्यात धूर नव्हता. डोक्यात होती ती ठकूची झोप.

नंबर बाबांचा होता. आजवर ते दर वेळी ओल्या गादीसारखे धप्पकन पडायचे, आणि आत्या त्यांच्या पडण्याला गुण द्यायची. आज मात्र दोरी सुटली आणि बाबा उभे राहिले. नुसते उभे नाही, गुडघे वाकवून, हात पसरून, आपल्याच लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या नवऱ्यासारखे. आई फोन धरून चित्रण करत होती आणि न हसण्यासाठी गाल चावत होती. भिंगरीने वेग केसभरही हलू दिला नाही. तिला वाटत होतं, हे असंच संध्याकाळपर्यंत चालावं.

मध्येच आरशात तिला आत्याचा हात दिसला. चादरीच्या कडेखालून बाहेर आला, हवेत काहीतरी खुणावल्यासारखा हलला आणि खाली पडला. भिंगरीला वाटलं, आत्या म्हणतेय, चालू दे, छान चाललंय. तिने चालू दिलं.

शेवटी बाबा पडले. पाण्यातून वर आले ते दोन्ही मुठी उंचावून, पण तोंडातून आवाज न काढता, कारण ठकू झोपली होती. भिंगरीने वळसा घेतला, इंजिन बंद केलं. माणूस चढताना इंजिन बंद, हा पहिला नियम. बाबा पायरीवर चढले, तंबूत डोकावले आणि चादरीच्या कडेने पुढे बघत खुणेनेच हसले. दोघीही गाढ, असं त्यांनी हाताने दाखवलं. मग ते ओल्या पायांनी, चवड्यांवर, चोरासारखे पुढे आले.

भिंगरी सहज मागे गेली. टॉवेल हवा होता. तिने चादरीची कड उचलली आणि तिच्या नजरेस आधी ठकूचा हात पडला. ठकू झोपेत मूठ आवळते. अंगठा आत घालून, इतकी घट्ट की सोडवायला गेलं तर जागी होते. आता तो हात सीटवरून खाली लोंबत होता आणि पाचही बोटं सैल होती. आत्याचं डोकं मागे पडलेलं, हनुवटीवर ओकारी सुकत आलेली.

"आई," भिंगरी म्हणाली, "ठकूची मूठ उघडी आहे."

आईने डोळे वटारून तिला गप्प केलं. भिंगरीने ठकूला खांद्याला धरून हलवलं. आजवर त्या घरात कुणी केलं नव्हतं ते तिने केलं, झोपलेल्या ठकूला गदागदा हलवलं. ठकूची मान इकडची तिकडे झाली, एवढंच.

मग सगळं एकदमच झालं. बाबा धडपडत आले, आईच्या हातून फोन पडला. कुणी ऊन म्हणालं, कुणी बोट लागली म्हणालं. भिंगरीच्या डोक्यात मात्र वर्गातला फळा उभा राहिला. कार्बन मोनॉक्साइड: रंग नाही, वास नाही, चव नाही. परीक्षेत तिने तीन रेघा मारून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

"धूर आहे, बाबा. इंजिनाचा."

"अगं, कसला धूर? वाससुद्धा नाही."

"त्यातल्या विषाला वास नसतोच," ती म्हणाली आणि तिने ती चादर ओरबाडून पाण्यात फेकून दिली.

बाबांनी ठकूला उचललं आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, मोकळ्या हवेत नेऊन आडवं केलं. कान तिच्या तोंडाशी नेला. श्वास आहे, म्हणाले, मग म्हणाले, नाही, आहे, फार थोडा. ते तिच्या तोंडात फुंकर घालू लागले. आईने ठकूचे पाय पोटाशी धरले होते आणि ती एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, की मीच बांधली, मीच बांधली. मोकळी हवा लागताच आत्या हलली आणि मधल्या जागेत सरकून आली होती. जागी होती, पण दारू प्यायल्यासारखी, शब्द जड.

धक्का दूर होता, पलीकडच्या काठाला, काडेपेटीएवढा दिसत होता. भिंगरीने इंजिन सुरू केलं आणि वेगाचा दट्ट्या पुढे ढकलला. बोट गुरगुरली, थरथरली आणि सायकलच्या वेगापुढे जाईचना. टाक्या भरलेल्या. पोटात अख्ख्या खोलीभर पाणी घेऊन ती बसली होती. भिंगरीने टाक्या उपसायचं बटण दाबलं. पंप घुंईं करू लागले आणि बाजूच्या भोकांतून पाण्याची करंगळीएवढी धार लागली. एवढीशी धार. ती बघून भिंगरीला रडूच फुटलं, पण रडायला हात मोकळे नव्हते.

"पळव," बाबा फुंकरीच्या मध्ये ओरडले. "काय करतेस? पळव."

ती आणखी वेग देणार, तेवढ्यात समोरून त्यांच्याच मघाच्या लाटा काठाला आपटून परत आल्या. सगळी माणसं पुढे, बोट आधीच पाण्यात खोल. टोक लाटेखाली गेलं आणि पाण्याचा लोंढा आत आला, सरळ ठकूच्या अंगावरून. बाबांनी तिला वर उचलून धरलं. भिंगरीने दट्ट्या मागे खेचला. ते ओरडणं पुन्हा कानावर आलं, पळव, पळव, आणि तिला एका क्षणात कळलं की बाबांचं ऐकलं तर आपण सगळे इथेच बुडू, आणि न ऐकलं तर ठकू.

"आई, मागे जा," ती म्हणाली.

आईने ऐकलंच नाही.

"आई. पाय सोड तिचे. तू मागे बसलीस तर टोक उचलेल. आत्याला घेऊन जा. कडेला बसा, बाहेर तोंड काढून."

"मी हिला सोडणार नाही."

"तू सोडली नाहीस तर बोट जाणार नाही."

पोरीने आईशी असं बोलण्याची त्या घरात रीत नव्हती. आईने तिच्याकडे अशी नजर टाकली की पुढे कितीतरी दिवस भिंगरीला ती विसरता आली नाही. मग आईने ते चिमुकले पाय एकेक करून खाली ठेवले, नीट, जसे पांघरुणात ठेवतात तसे, आणि आत्याच्या काखेत हात घालून तिला ओढत मागे गेली. ज्या कोपऱ्यात तिच्या लेकीने ते विष ओढलं होतं, त्याच कोपऱ्यात बसली.

टोक उचललं. भिंगरीने वेग दिला, लाट आली तसा कमी केला, पुन्हा दिला. धारा वाहत होत्या, बोट हळूहळू हलकी होत होती, पण ते हळूहळू असं होतं की भिंगरी मनात बोटीला शिव्याही देत होती आणि विनवण्याही करत होती. मागे आई फोनवर रुग्णवाहिका मागवत होती. पलीकडचं माणूस पत्ता विचारत होतं, रस्ता कुठला, घर नंबर काय. आई सांगत होती, पाण्यावर आहोत हो, घर नाही, धक्क्यावर या, नुसते धक्क्यावर या. बाबांची फुंकर थांबली की भिंगरीला उठून बघावंसं वाटायचं. पण पुढे वाकून ठकूकडे बघायचं नाही, नजर पाण्यावर ठेवायची, हे तिने स्वतःला बजावलं होतं. त्यामुळे ठकू जिवंत आहे की नाही हे तिला सबंध वाटेत माहीतच नव्हतं. ती नुसती चालवत होती.

कधीतरी टाक्या रिकाम्या झाल्या. बोट एकदम पाण्याच्या वर आली आणि सुटली.

धक्क्याला तिने बोट लावली नाही, आदळवली. रुग्णवाहिका अजून यायची होती. धक्क्यावरची माणसं धावली, कुणी ठकूला घेतलं, कुणी आत्याला. मग रुग्णवाहिकेतले निळे कपडेवाले आले, ठकूच्या तोंडावर एवढासा मास्क लावला, आणि त्यातलं एक जण म्हणालं की श्वास आहे. भिंगरीने स्टीअरिंग सोडायला बघितलं तर बोटं उघडेनात. बाबांनी येऊन ती सोडवली.

दवाखान्यात दोन खाटा शेजारी शेजारी लावल्या होत्या. एकीवर आत्या, एकीवर ठकू, दोघींना मास्क, दोघींच्या बोटाला चिमटे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातलं प्रमाण उतरतंय, ते चांगलं आहे. पण मेंदूला किती वेळ कमी हवा मिळाली ते कुणालाच सांगता येणार नाही. जागी होईल तेव्हा कळेल. आणि जागी झाली तर लगेच मला बोलवा. त्यांनी "झाली तर" म्हटलं, ते चौघांनीही ऐकलं आणि कुणीच तो शब्द धरला नाही.

आत्याने मास्क बाजूला केला. नर्सने लावला, तिने पुन्हा काढला.

"माझं डोकं दुखत होतं, दादा," ती बाबांना म्हणाली. "फुटेल असं दुखत होतं. हाक मारावी वाटली. पण म्हटलं, हाक मारली तर ती उठेल."

 बाबा अजून ओल्या चड्डीवर होते, खुर्चीखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. आई उठली, नणदेच्या खाटेवर बसली आणि तिचा मास्क नीट लावून दिला. तिचा हात मात्र तिथेच, आत्याच्या गालावर राहिला.

ठकूने डोळे उघडले तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. डोळे उघडे, पण त्यात कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. बाळा, तुझं नाव काय? ही कोण? मी कोणता हात धरलाय? ठकू छताकडे बघत होती. आईने हाक मारली. बाबांनी मारली. ठकूची पापणी लवली, बस्स. डॉक्टरीणबाई नर्सकडे वळून हळू आवाजात काही म्हणाल्या, आणि तो हळू आवाज भिंगरीला सहन झाला नाही. तिने खाटेवर ओणवं होऊन ठकूच्या मानेखाली हात घातला.

मास्कच्या आतून काहीतरी किरकिरलं.

"काय? काय म्हणालीस?"

"गार," ठकू म्हणाली. "ताई, हात गार आहे. काढ."

आई तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली. बाबा खाली बसले, खुर्ची कुठे आहे ते न बघता. डॉक्टरीणबाईंनी मात्र कुणाला हसू दिलं नाही. त्यांनी पायावरचं पांघरूण दूर केलं आणि म्हणाल्या, पायाची बोटं हलव बरं, ठकूताई. उजव्या पायाची बोटं लगेच हलली. डाव्याची हलली नाहीत. पुन्हा सांगितलं, तरी नाही. 

भिंगरी त्या डाव्या पावलाकडे बघत होती. अंगठ्याच्या नखाला परवा तिनेच लावलेला रंग अर्धा उडाला होता. हलव, ती मनात म्हणाली, हलव ना गं, आणि तिचा हात अजून ठकूच्या मानेखालीच होता, गार तर गार.

मग अंगठा हलला. आधी थोडासा, चुकून हलल्यासारखा. मग पुन्हा.