पातळ केलेली चांदी

सरांचा शेवटचा शोधनिबंध मागे घ्यावा लागणार, हे मला मंगळवारी सकाळी कळलं. गुरुवारी तो छापायला जाणार होता.

निवृत्त होईपर्यंतची पंचवीस वर्षं सरांनी कार्बनच्या नळ्यांपायी घालवली. केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या. त्या पिळून धागा करायचा, तो किती ताण सोसतो आणि किती वीज वाहून नेतो ते मोजायचं. ताणाला धागा पुरून उरायचा. विजेच्या बाबतीत मात्र तांब्यापुढे नांगी टाकायचा. शेवटच्या वर्षी सरांच्या नमुन्यांनी तांब्याला गाठलं. त्या दिवशी सर प्रयोगशाळेत चक्क शीळ घालत फिरले. निबंधावर दुसरं नाव माझं होतं.

माझे स्वतःचे नमुने मात्र काही केल्या तो आकडा दाखवेनात. तोच धागा, तेच यंत्र. शेवटी चिडून मी सरांचा जपून ठेवलेला नमुना मधोमध कापला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धाग्याच्या पोटात पांढरे ठिपके दिसले. चांदी!

धाग्याला तारा जोडायला आम्ही टोकांशी चांदीची पूड घातलेला रंग लावतो, मधासारखा दाट. सरांनी तो पातळ केला होता. वातीत तेल चढावं तशी चांदी आत शिरली होती आणि वीज तीच वाहून नेत होती.

पातळ का केला, हे विचारायची मला गरज नव्हती. सरांचे हात थरथरत. दाट रंगाचा नेमका ठिपका द्यायला हात स्थिर लागतो. पातळ रंग नुसता टेकवला तरी पसरतो. शेजारच्या टेबलावर बसून मी वर्षभर ते पाहत होते. थरथर दिसली की मान फिरवायची, याला मी आदर म्हणत होते. कसला आदर! नुसता भित्रेपणा.

संध्याकाळी सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, दार उघडलं. “या भिंगबाई,” त्या म्हणाल्या. मी सगळीकडे डोळे बारीक करून बघते म्हणून हे नाव सरांनीच पाडलेलं. काकू चहा टाकायला आत गेल्या आणि मी सरांना सांगून टाकलं.

“चांदी पार मध्यापर्यंत?” सरांनी विचारलं.

“मध्यापर्यंत.”

मला रडू येत होतं.

“म्हणजे चांदीतून वीज जाते हे आपण वर्षभर खपून सिद्ध केलं,” ते म्हणाले. “शाळेतल्या पोरांना विचारलं असतं तरी भागलं असतं. निबंध मागे घ्यायचं पत्र आणलंयस?”

आणलं होतं. त्यात मी ‘जोडणीतील तांत्रिक त्रुटी’ असं लिहिलं होतं. सरांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला.

“यातून कुणाला काय कळणार? लिही, रंग पातळ केला होता, कारण लावणाऱ्याचे हात थरथरत होते.”

“सर, एवढं कशाला?”

“उद्या दुसऱ्या कुणाचे थरथरतील. तोही पातळ करेल.” मग स्वयंपाकघराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. “फक्त काकूंच्या कानावर घालू नकोस. तिला माहीत नाही.”

मी लिहिलं. खाली स्वतःहून एक ओळ घातली: ‘हे मला दिसत होतं आणि मी बोलले नाही.’

सरांनी ती मोठ्यानं वाचली. “तुला दिसत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

काकू कप घेऊन दारात उभ्या होत्या. “मला तीन वर्षं झाली कळून,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बटणांचे सदरे घालायचे सोडलेत तेव्हापासून.”

सर आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

“अगं, मग बोलला का नाहीत दोघी?”