बोल्टवरची पिवळी रेघ

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गाडीचे ब्रेक आनंदराव स्वतः करायचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात अडतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेतलेला. असा माणूस मुलाच्या गाडीला परक्याचा हात लागू देईल? छे! चाक उतरवायचं, ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पुसून त्यांना ग्रीस लावायचं, बोल्ट आवळायचा आणि त्यावरून पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. बोल्ट कुणी फिरवलाच, तर रेघ तुटते. कंपनीतली सवय.

यंदा पहिलंच चाक उतरवलं, तर रेघ तुटलेली.

"केदार, हा बोल्ट कोणी उघडला रे?"

केदार, नीरजा आणि छोटी मृणाल विठ्ठलवाडीला जायला तयार होऊन उभे होते. केदारने बायकोकडे बघितलं.

"विचारलंत म्हणून सांगतो. तुमचं झालं की सोमवारी मी गॅरेजमध्ये परत करून घेतो. सहा वर्षं झाली. तो रेघही परत ओढायचा, गेल्या वर्षी विसरला वाटतं. हात थरथरतो तुमचा, बाबा, आणि गाडीत पोरगी बसते."

"मग मला करू कशाला देता?"

"वेळ जातो ना तुमचा," नीरजा हसली. "आईच म्हणाल्या, करू दे त्यांना."

म्हणजे बायकोला, चित्रालाही ठाऊक होतं. सहा वर्षं ती वरून चहा पाठवत होती.

आनंदरावांनी पिन ओढली. निघेना. ठोकून काढली, तर कोरडी ठणठणीत आणि गंजलेली. गॅरेजवाल्याने त्यांचं ग्रीस पुसून टाकलं होतं, नवं लावलंच नव्हतं. कॅलिपर अडकून ब्रेकचा आतला पॅड पार पत्र्यापर्यंत झिजला होता. आनंदरावांना आनंद झाला, अगदी उकळ्या फुटाव्यात इतका.

"केदार, हे बघ जरा..."

"बाबा, प्लीज! उद्या नेतोच आहे. बसवा पटकन."

"आजोबा, असं करतात!" मृणालने हात थरथरवून दाखवला. तिघंही खदाखदा हसली.

ग्रीसच्या डबीचं झाकण लावून आनंदरावांनी कोरडी पिन जागेवर घातली, झिजलेला पॅड बसवला, बोल्ट आवळला. वरून पिवळी रेघ ओढली, सरळ.

"ब्रेक ओके ना, बाबा?"

"तुझ्या माणसाने केलेत तसेच आहेत."

मागच्या काचेतून मृणालने हात हलवला. त्यांनीही हलवला, गाडी गेटबाहेर वळेपर्यंत.

वर चित्राने विचारलं, "झालं का नीट?"

"उद्या गॅरेजवाला बघेलच," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.